ज्याचा मेंदू, त्याला त्याची ओळख

शाळेत मुलांना हृदयाचे चार कप्पे शिकवले जातात, लहान आतड्याचं काम पाठ करून घेतलं जातं, दातांचे प्रकार परीक्षेत विचारले जातात. हे सगळं विज्ञानाच्या तासाला. राग, भीती, मत्सर, लाज यांना मात्र विज्ञानाच्या पुस्तकात फारशी जागा नाही. त्यांची सोय परिपाठात, सुविचारात आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला केलेली असते. पोट दुखलं तर ती शरीराची तक्रार आणि संताप अनावर झाला तर तो स्वभावाचा दोष, अशी विभागणी आपण मुलांच्या मनात पहिली-दुसरीपासूनच पक्की करून टाकतो. पोट दुखणाऱ्या मुलाला आपण विचारतो, काय खाल्लंस? संतापलेल्या मुलाला विचारतो, लाज नाही वाटत? या पुस्तकाची सारी खटपट ही विभागणी मोडण्यासाठी आहे.

मैदानावर भांडण झालं की मुलाच्या छातीत धडधडतं, तळहातांना घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या खुणांची संगती लावली. समोर धोका आहे असं मेंदूनं ठरवलं की रक्तात अ‍ॅड्रेनलिन येतं, हृदय जोरात चालू लागतं, यकृत साखर सोडतं, पचन मंदावतं आणि शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होतं. दहा वर्षांच्या मुलाला हे सहज समजतं. त्याला ते आवडतंही, कारण ज्या गोष्टीबद्दल आजवर फक्त ओरडा खाल्ला तिला काही कारण असतं, हे कुणीतरी पहिल्यांदाच सांगत असतं. फळ्यापाशी बोलावल्यावर येत असलेलं उत्तर विसरणारी मुलगी ‘ढ’ नसते. घाबरलेल्या शरीरात वाढणारी रसायनं आठवणीच्या आणि विचाराच्या कामात अडथळा आणत असतात. हे कळलं म्हणून पुढच्या वेळी ती घाबरणार नाही, असं नाही. ती घाबरेल, पण आपण घाबरलो आहोत आणि हे थोड्या वेळात ओसरेल, एवढं तिला माहीत असेल. मेंदूबद्दल शिकवायचं ते एवढ्यासाठी. वर्ग शांत बसावा, निकाल सुधारावा, शिक्षकांना त्रास कमी व्हावा, हे सगळं मागाहून झालं तर उत्तमच. पण हे ज्ञान मुलाच्या मालकीचं आहे. ते त्याला स्वतःसाठी वापरता आलं का, ही या कामाची पहिली परीक्षा.

मेंदूची ओळख माणसाला सावकाश होत गेली आणि वाटेत चुकीच्या समजुतीही बऱ्याच साचल्या. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये रेल्वेमार्गाच्या कामावर स्फोट झाला आणि फिनिअस गेज या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी कांब आरपार गेली. तो जगला. पण त्याचा स्वभाव पार बदलला, तो शिवराळ आणि बेभरवशाचा झाला, ही कथा मानसशास्त्राच्या पुस्तकांमध्ये हमखास येते. त्याच गेजनं पुढे चिली देशात कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली, हे मात्र फार थोडी पुस्तकं सांगतात. घोडे आवरणं, वेळा पाळणं, उतारूंशी बोलणं ही बेभरवशाच्या माणसाची कामं नव्हेत. मुलांना गेज सांगायचाच असेल तर दोन्ही भाग सांगावेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉल मॅक्लीन यांनी तीन थरांच्या मेंदूची कल्पना मांडली. तळाशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू, त्यावर सस्तन प्राण्यांचा भावनांचा मेंदू आणि सगळ्यात वर माणसाचा विचारी मेंदू. हे चित्र इतकं सुबक आहे की शिक्षकांच्या प्रशिक्षणांत आणि पालकांसाठीच्या व्याख्यानांत ते आजही फिरतं. ते बरोबर नाही. जुन्या मेंदूवर नवा थर बसवत उत्क्रांती पुढे गेलेली नाही. वेगवेगळ्या प्राण्यांमध्ये तेच मूळ भाग वेगवेगळ्या प्रमाणात वाढले आणि बदलले. भावना आणि विचार यांच्या वाटाही मेंदूत सतत एकमेकींत मिसळतात. माझा आक्षेप मात्र केवळ शास्त्रीय चुकीपुरता नाही. ‘तुझ्या आत एक सरडा बसलाय, त्याला काबूत ठेव’ असं मुलाला सांगितलं की मूल्यशिक्षणाच्या तासाला जे चाललं होतं तेच पुन्हा सुरू होतं, फक्त षड्रिपूंच्या जागी सरडा येतो. आपल्या आत काहीतरी हीन आहे, हेच मूल पुन्हा शिकतं.

अमिग्डलाचंही असंच झालं. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असलेल्या या बदामाएवढ्या भागाचं नाव १९९६मध्ये आलेल्या जोसेफ लेडू यांच्या ‘द इमोशनल ब्रेन’ या पुस्तकानंतर सर्वतोमुखी झालं आणि ‘भीतीचं केंद्र’ अशी त्याची ख्याती पसरली. पुढे खुद्द लेडू यांनीच बजावलं, की धोक्याची चाहूल लागणं आणि भीती जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन्ही बाजूंची अमिग्डला निकामी झालेल्या तीन रुग्णांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिघेही भयंकर घाबरले. भीतीचं केंद्र नसताना भीती आली कुठून? लिसा फेल्डमन बॅरेट यांनी २०१७च्या आपल्या पुस्तकात तर असं मांडलं, की भावना मेंदूत तयार स्वरूपात ठेवलेल्या नसतातच. शरीरातून येणारे संकेत, पूर्वानुभव आणि आपल्याला शिकवलेल्या कल्पना यांतून मेंदू त्या दर वेळी घडवतो. हा वाद मिटलेला नाही आणि पाचवीच्या वर्गात तो मिटवायची गरजही नाही. ‘अनेक भाग मिळून हे काम करतात आणि शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत’ एवढं मुलांना खुशाल सांगावं. अर्धवट उत्तरानं मुलं नाराज होत नाहीत, उलट त्यांचे प्रश्न वाढतात.

किशोरवयाबद्दल थोडक्यात. १९९० नंतर मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षं घेता येऊ लागल्या आणि मेंदूचा पुढचा भाग विशीतही घडत असतो हे दिसलं. सेरा-जेन ब्लेकमोर यांनी या संशोधनाचा एक वेगळा अर्थ पुढे आणला. या वयातला मेंदू अपुरा किंवा बिघडलेला नसतो. बरोबरीच्यांच्या नजरेला तो विलक्षण संवेदनशील असतो, आणि घरापासून सुटं होऊन स्वतःचं माणूस होण्यासाठी त्याला तसं असावंच लागतं. ‘त्यांचा मेंदूच अजून कच्चा आहे’ म्हणून आठवी-नववीच्या मुलांचं बोलणं उडवून लावणारी मोठी माणसं या संशोधनाचा उलटा वापर करतात.

शाळांमध्ये हे विचार शिरले ते वेगवेगळ्या दारांनी. येल विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८मध्ये न्यू हेवन शहरातल्या, गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या दोन शाळांपासून काम सुरू केलं. ज्या मोठ्या माणसावर विश्वास आहे त्याच्याकडूनच मूल शिकतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी मुलांना धडे देण्याआधी शाळेचा कारभार बदलला आणि पालकांना त्यात बसवलं. अल्बर्ट एलिस यांची वाट विचारांची. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःशी काय बोलतो यातून भावना तीव्र होते, ही त्यांची मांडणी. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी लहान मुलांची एक शाळाच या पायावर चालवून पाहिली. मराठी वाचकांना एलिस परके नाहीत. डॉ. आनंद नाडकर्णी यांचं लेखन आणि ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचं काम यांमुळे एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात घरोघरी पोचली. मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरोल कुशे यांनी १९८०च्या दशकात आपला अभ्यासक्रम आखला तो प्रथम कर्णबधिर मुलांसाठी. भावनांची भाषा कमी मिळालेल्या मुलांना स्वतःला आवरणं जड जातं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. भावनेला नाव दिलं की तिची धार थोडी उतरते, याला २००७मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या प्रयोगानं दुजोरा दिला: चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगताना अमिग्डलाची सक्रियता कमी होते.

१९९०मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. १९९५च्या डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकानं ती जगभर नेली आणि त्यानंतर सामाजिक-भावनिक शिक्षण हे एक स्वतंत्र क्षेत्रच झालं. थेट मेंदू शिकवण्याचा प्रवाह यात सगळ्यात धाकटा. कॅरोल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या सातवीच्या मुलांना, शिकताना चेतापेशींमध्ये नवे जोड तयार होतात, हे शिकवलं; २००७मध्ये त्यांनी नोंदवलं, की या मुलांच्या गणितातल्या गुणांची घसरण थांबली. अभिनेत्री गोल्डी हॉन यांच्या संस्थेनं तयार केलेल्या अभ्यासक्रमात तर लहान मुलंसुद्धा अमिग्डला आणि हिपोकॅम्पस ही नावं सहज उच्चारतात. दिल्ली सरकारनं २०१८मध्ये आपल्या शाळांत नर्सरी ते आठवीसाठी रोजचा आनंदाचा तास सुरू केला, त्यात ध्यान, गोष्टी आणि गप्पा यांना जागा मिळाली.

या सगळ्याचा उपयोग होतो का? जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये २१३ उपक्रमांचे आणि सुमारे २,७०,००० मुलांचे निष्कर्ष एकत्र तपासले. वागणं सुधारलं, ताण घटला आणि अभ्यासातही सरासरी ११ शतमकांची वाढ दिसली. हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात छापलेला असतो. त्यापुढची हकीकत छापली जात नाही. ब्रिटनमध्ये ८०हून अधिक शाळांतल्या ८,०००हून अधिक मुलांवर सजग ध्यानाच्या तासांची मोठी चाचणी झाली. २०२२मध्ये तिचे निष्कर्ष आले: नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा मुलांना काहीही जास्त लाभ झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला आणि शाळेचं वातावरण थोडं सुधारलं. ड्वेक यांच्या कल्पनेची २०१९मध्ये अमेरिकेत सुमारे १२,००० मुलांवर तपासणी झाली, तेव्हा कमी गुण मिळवणाऱ्या मुलांना फायदा झाला खरा. पण तो लहान होता, आणि जिथे वर्गमित्रही अवघड काम अंगावर घेत होते तिथेच तो नीट दिसला.

आपल्या देशातली सगळ्यात बोलकी चाचणी बिहारची आहे. गोव्यात १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेनं नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा उपक्रम तपासून पाहिला. काही शाळांत हे काम शाळेतल्याच शिक्षकांकडे दिलं, काही शाळांत त्यासाठी प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र कार्यकर्ता नेमला. २०१८च्या निष्कर्षांनुसार कार्यकर्ता असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि हिंसा घटली, मुलांमधली नैराश्याची लक्षणंही कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. डरलॅक यांच्या अभ्यासात वर्गशिक्षकांनी घेतलेले उपक्रम चांगले ठरले होते, म्हणजे हे निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांविरुद्ध जातात. मला त्यात विरोध दिसत नाही. सर्वेक्षणं, निवडणूक कामं, ऑनलाइन माहिती भरणं आणि पोषण आहाराचे हिशेब यांत बुडालेल्या शिक्षकाच्या माथी आणखी एक विषय मारला की तो विषय कागदावरच राहतो. शिक्षकाची पात्रता कमी असते, असा अर्थ कुणी काढू नये. त्याच्याकडे वेळ नसतो आणि त्याच्या स्वतःच्या ताणाची विचारपूस कुणी करत नाही.

आणखी एका प्रयोगाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण त्याचा जुना अर्धाच भाग आपल्याकडे व्याख्यानांमध्ये सांगितला जातो. वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे गोड खाऊ ठेवून पाहिला: आत्ता एक, थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात आणि आयुष्यात सरस ठरली, असं सांगितलं गेलं आणि आत्मसंयम हा यशाचा मंत्र झाला. २०१८मध्ये जास्त आणि अधिक विविध घरांतल्या मुलांवर हे तपासलं तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर फारच थोडा उरला. त्याआधी, २०१३मध्ये, रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ लहान मुलांना दोन गटांत विभागलं. एका गटाला संशोधकानं चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि आणून दिले. दुसऱ्या गटालाही तसंच सांगितलं, पण तो रिकाम्या हातानं परत आला. मग खाऊचा प्रयोग झाला. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेल्या गटातली ३ मिनिटं. ज्या मुलाला मोठ्यांचा शब्द खोटा ठरण्याचा अनुभव आहे, त्यानं समोरचा खाऊ उचलला तर तो शहाणपणा आहे. ऊसतोडीसाठी दरवर्षी आईबापांबरोबर गाव सोडावं लागणाऱ्या मुलाला धीर धरायला शिकवण्याआधी, परत आल्यावर त्याची जागा वर्गात शिल्लक असेल याची खात्री शाळेनं द्यायला हवी. मुलाचं भावनिक शिक्षण आणि शाळेचं मुलाशी वागणं या वेगळ्या गोष्टी नाहीत, असं मी म्हणतो ते या पुराव्याच्या आधारावर.

महाराष्ट्राला हे नवं नाही. समर्थांचे मनाचे श्लोक पाठ करणाऱ्या मुलांच्या पिढ्या इथे झाल्या. मनाशी बोलता येतं, त्याला समजावता येतं, ही कल्पना आपल्या कानावरून लहानपणीच गेलेली असते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला तो शिक्षा आणि भय यांना शाळेतून हद्दपार करण्याच्या निश्चयानं. ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला, पुढे कोसबाडला गेल्या, तेव्हा बालवाडीत न येणाऱ्या आदिवासी मुलांना त्यांनी आळशी ठरवलं नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पुण्यात शोभा भागवत यांनी गरवारे बालभवनात आणि आपल्या लेखनातून, ‘पालकनीती’ मासिकानं आपल्या अंकांमधून मुलांच्या भावनांचा आदर करणारी मराठी भाषा घडवली. या परंपरेला मेंदूची चित्रं ठाऊक नव्हती किंवा त्यांची गरज वाटली नव्हती. पण आजचे सगळे प्रयोग ज्या जागी येऊन थांबतात, तिथे ही माणसं आधीच उभी होती.

मग आत्ताच हे पुस्तक का? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सामाजिक आणि भावनिक क्षमतांना अभ्यासक्रमात स्थान दिलं आहे. त्याचं तासिकेत रूपांतर होताना ते पुन्हा सुविचाराच्या फळ्यावर जाऊन बसेल, ही भीती खरी आहे. दुसरी भीती बाजाराची. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारी ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ची शिबिरं आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्या गेली काही वर्षं लहान शहरांतल्या पालकांकडूनही हजारो रुपये घेत आल्या आहेत. दोन्हींना शास्त्रीय आधार नाही. पट्टीच्या फटीतून मुलाला दिसतं, आणि मोठ्यांना खूश ठेवण्यासाठी ते मूल खोटं बोलायला शिकतं, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वेळोवेळी दाखवून दिलं आहे. मेंदूबद्दलचं खरं ज्ञान सोप्या मराठीत शाळेत मिळालं नाही तर ही जागा रिकामी राहत नाही.

हे पुस्तक तिसरी ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. त्यातले पाठ विज्ञानाच्या अंगानं सुरू होतात: स्वतःची नाडी मोजणं, धावल्यावर आणि घाबरल्यावर तिच्यात होणारा फरक वहीत नोंदवणं, लांब श्वास सोडल्यावर ती मंदावते का ते पाहणं. ‘शांत व्हा’ असा आदेश त्यात कुठेही नाही. एखाद्याला श्वासावर लक्ष देऊन अस्वस्थ वाटत असेल तर त्याला दुसरं काही करण्याची मोकळीक प्रत्येक पाठात ठेवली आहे. राग येऊ नये असं पुस्तक मुलांना सांगत नाही. मधल्या सुट्टीत जातीवरून चिडवलं गेलं, रंगावरून हिणवलं गेलं, तर येणारा राग योग्य आहे; त्या वेळी बदलायला हवं ते चिडवणाऱ्यांचं वागणं, आणि ते शाळेचं काम आहे. ‘मुलीसारखा रडतोस काय’ या वाक्याला एक स्वतंत्र पाठ दिला आहे, कारण मुलगे आणि मुली दोघांचंही त्या एका वाक्यानं नुकसान होतं. भावनांसाठी मुलं घरी जे शब्द वापरतात, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली, ते फळ्यावर आधी लिहायचे आणि प्रमाण मराठीतले नंतर.

या पाठांच्या आधी शिक्षकांसाठी एक भाग आहे आणि तो वगळू नये अशी माझी विनंती आहे. वर्गात कुणाचा आवाज चढला की मुलांची शरीरंही सावध होतात, त्यामुळे हे ज्ञान पहिल्यांदा शिक्षकानं स्वतःवर वापरून पाहायचं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. जिथे छडी किंवा पाणउतारा अजून चालतो, तिथे आधी ते थांबवावं आणि मगच पहिला पाठ घ्यावा. भीतीच्या वर्गात भीतीबद्दल शिकवलेलं मुलांना थट्टेसारखं वाटेल.

पुस्तकाला मर्यादा आहेत. ते उपचाराचं पुस्तक नाही. सतत झोप न लागणं, खाणं सुटणं, शाळेत यायलाच नकार देणं, स्वतःला इजा करणं किंवा मरणाची भाषा करणं, अशी चिन्हं दिसली तर कोणताही पाठ किंवा खेळ पुरणार नाही. मुलाला एकटं न सोडता घरच्यांशी बोलून त्याला डॉक्टरांपर्यंत नेलं पाहिजे. घरातच मारहाण किंवा अत्याचार होत असल्याची शंका असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी २०२२पासून सुरू असलेल्या टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. तो नि:शुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही क्रमांक मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापले आहेत. ते तिथून उतरवून प्रत्येक वर्गात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावेत.